तिसरं दशांश स्थळ

नमुना-खोलीतल्या लोखंडी कपाटात सहा फळ्या होत्या. वरच्या पाच फळ्यांवर प्रत्येकी दहा, म्हणजे पन्नास खण. त्यांतले तीन रिकामे. उरलेल्या सत्तेचाळीस खणांत सत्तेचाळीस नमुने होते, सगळे २०३२ ते २०३९ या काळात आमच्या नव्या कारखान्यात बनवलेले आणि सगळे नापास. सहाव्या फळीवर एकच खण होता. त्यात २००८ सालचा एक नमुना होता, तळहाताएवढा, शिळ्या भाकरीच्या रंगाचा. तो पास होता. तो कसा बनवला होता हे प्रकल्पातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

ही मोजणी दरवर्षी फेब्रुवारीत करून सही करावी लागते. २ फेब्रुवारी २०४० ला मी चौथ्यांदा सही केली. जुलै २०३६ मध्ये मी काळवटमाळावर रुजू झाले तेव्हा मला सांगितलं होतं, जास्तीत जास्त अठरा महिने.

आम्ही जी वस्तू बनवत होतो तिला कागदोपत्री अडीच ओळींचं नाव आहे. बोलताना सगळे उशी म्हणतात. अण्वस्त्राच्या गाभ्याला हादरे बसू नयेत म्हणून त्याच्या बाजूंना बसवायचा हा एक स्पंजासारखा थर. तीस वर्षं गोदामात, ट्रकवर, बोगद्यात राहायचं आणि भेग पडू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. जुन्या उश्या २००४ ते २०११ मध्ये बनल्या होत्या. त्यांची मुदत संपत आली, म्हणून २०३१ साली नव्या मंजूर झाल्या. मुदत दोन वर्षं, खर्च तीनशे ऐंशी कोटी. नऊ वर्षांनंतर खर्च चार हजार नऊशे कोटींवर गेला होता आणि उशी एकही नव्हती. यात कुणी चोरी केली नव्हती. केली असती तर निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं.

उशीर होण्याचं मोठं कारण आमचं सर्वांत चांगलं यंत्र होतं.

त्याचं नाव वेगजरा कक्ष. कँटीनमध्ये त्याला म्हातारा म्हणत, कारण त्यात वस्तू तरुण जाते आणि म्हातारी होऊन बाहेर येते. तत्त्व सोपं आहे. पदार्थ जुना होतो म्हणजे त्याच्या आत सावकाश रासायनिक क्रिया होत राहतात, आणि ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढवलं की अशा क्रियांचा वेग दुप्पट होतो. सत्तर अंशांनी वाढवलं तर दोनाचा सातवा घात, म्हणजे एकशे अठ्ठावीस पट. त्यामुळे तीस वर्षांचं म्हातारपण साधारण नव्वद दिवसांत उरकता येतं. सोबत ट्रकचे हादरे आणि गोदामातला दमटपणाही देतात. शेवटी क्ष-किरणांनी पदार्थाचे हजारो काप पाहून आतली प्रत्येक भेग मोजतात, रुग्णालयात डोक्याचा स्कॅन करतात तसाच, पण त्याहून कितीतरी बारीक.

अण्वस्त्राचा स्फोट करून बघायचा नाही, असं आपण ठरवलेलं आहे. त्यामुळे वस्तू बरोबर आहे की नाही हे कळण्याचा मार्ग एकच उरतो, तिचे भाग मोजणे. म्हातारा येण्यापूर्वी नियम होता की डोळ्यांना दिसेल अशी भेग नको. म्हातारा आल्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा दिसायला लागल्या. मग उश्या मंजूर करणाऱ्या समितीने मर्यादा घातली: भेगांची सरासरी लांबी ०.१० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि सप्टेंबर २०३६ मध्ये एका नव्या मुलीने पहिल्याच अहवालात तीन दशांश स्थळं दिली. यंत्र तीन अंक दाखवतं म्हणून तिने तीन लिहिले. समितीला ते फार आवडलं. नियमांच्या परिशिष्टात वाक्य वाढलं: मोजमाप शक्यतो तीन स्थळांपर्यंत नोंदवावे. त्यानंतर समितीच्या दर बैठकीत कुणीतरी तिसऱ्या अंकावर शंका काढायचं, शंकेसाठी नवा नमुना लागायचा आणि नव्या नमुन्याला नव्वद दिवस. ती मुलगी मीच. इला कोळंबेकर, पदार्थविज्ञान, मोजणी विभाग.

उशीर माझ्या अंगावर यायचं कारण ‘यादी’ होतं. प्रकल्पातली नाजूक माहिती ज्यांना आहे अशी दोनशे बारा माणसं यादीत होती. पहिली उशी पास होईपर्यंत त्यांनी काळवटमाळापासून पंचवीस किलोमीटरपलीकडे जायचं नाही, नोकरी सोडायची नाही. यादी केली तेव्हा दोन वर्षांचाच प्रश्न होता, त्यामुळे कुणी कुरकुर केली नव्हती.

*

रविवारी संपर्क-खोलीतून दहा मिनिटं फोन मिळायचा. दुसरीकडे सुहृद आणि मधे कुठेतरी ऐकणारा एक माणूस. त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

“काकांना नमस्कार,” सुहृद आधी त्या माणसाला म्हणायचा. एकदा काका खोकले होते, तेव्हापासून तो त्यांची तब्येतही विचारतो.

सुहृद लेहजवळ हिमनदीत भोकं पाडून बर्फाचे गाभे काढतो. गाभ्यातले थर मोजले की त्या त्या वर्षी हवा कशी होती ते कळतं. त्याच्या गटात माझ्यासाठी मोजणीची जागा होती. २०३८ मध्ये त्यांनी ती वर्षभर राखली, २०३९ मध्ये पुन्हा राखली. आमचं लग्नही त्या दोन्ही वर्षी ठरलं होतं. मोडलं नाही, पुढे गेलं.

“इला, पत्र आलंय,” तो म्हणाला. “एक जुलैपर्यंत रुजू, नाहीतर जागा दुसऱ्याला. या वेळी खरंच.”

“मागच्या वेळीही खरंच होतं.”

“मागच्या वेळी खालचा तळ होता. तिथला बर्फ वितळला. वरच्या तळावर माणसं निम्मी न्यायची आहेत. मी भांडलो गं, पण बर्फ काही समितीची वाट बघत नाही.”

“मी बघते. मला सवय आहे.”

“चिडू नकोस.”

“मी चिडलेली नाही. चिडायला कुणीतरी समोर लागतं.”

खट्ट आवाज झाला. दहा मिनिटं संपली होती.

*

मोजणीच्या दिवशी सहाव्या फळीवरचा जुना नमुना मी जरा जास्त वेळ हातात धरला होता. दुसऱ्या दिवशी मी तो स्कॅनखाली ठेवला. यापूर्वीही तो चार वेळा मोजलेला होता, पण फक्त भेगांसाठी: सरासरी ०.०७१. या वेळी मी भेगा सोडून बुडबुडे मोजले.

स्पंज म्हणजे शेवटी गोठलेले बुडबुडेच. आमच्या नव्या उश्यांत बुडबुडे लहानमोठे होते. काही मोहरीएवढे, काही खसखशीएवढे. भेग नेहमी मोठ्या बुडबुड्याच्या कडेला सुरू होई. जुन्या नमुन्यात सगळे खसखशीएवढे. असं व्हायला द्रवात थोडा साबणासारखा पदार्थ लागतो. तो बुडबुड्यांच्या भिंती सांभाळतो आणि त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. आमच्या कृतीत असा पदार्थ नव्हता. जुन्या कृतीतही नव्हता. दोन्ही कागद शब्दाशब्दाने एकच होते. नव्या कारखान्यात फक्त सगळं जास्त स्वच्छ होतं.

जुन्या नमुन्याचा कणभर भाग मी रासायनिक तपासणीला दिला. निकालाच्या आलेखात एक बारीक शिखर होतं, अनोळखी पदार्थाचं. शेजारी लिहिलं होतं: बहुधा वनस्पतिजन्य.

मी २००८ सालचं कामाचं रजिस्टर काढलं. रोज तीच ओळ, त्याच हातची: ‘साचा स्वच्छ केला.’ खाली सही, द. ई. मुलाणी. आठ वर्षांच्या रजिस्टरांत ती ओळ एक हजार नऊशे चौदा वेळा होती. साचा कशाने स्वच्छ केला हे एकदाही नव्हतं.

*

दस्तगीर मुलाणी २०२६ मध्ये निवृत्त झाले होते आणि वडजाई गावात राहत होते. वडजाई काळवटमाळापासून बारा किलोमीटर, म्हणजे माझ्या पंचवीस किलोमीटरांच्या आत. नऊ वर्षांत त्यांना कुणी विचारायला गेलं नव्हतं, कारण प्रश्न काय विचारायचा हेच ठाऊक नव्हतं. आणि रजिस्टरात सगळं लिहिलेलं होतं.

घराच्या ओट्यावर ते शेंगा फोडत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हाडकुळे, बोटांची पेरं सुजलेली.

“मुलाणी मामा ना? मी इला कोळंबेकर. माळावरून आले, मोजणी विभागातून.”

“आमची मोजणी झाली गेल्या साली. बांध शेजाऱ्यानंच कोरलाय.”

“जमिनीची नाही हो. उशीची.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. “अजून झाली न्हाई व्हय ती?”

“नाही.”

“किती सालं झाली?”

“नऊ.”

“आम्ही दर गुरुवारी एक काढायचो,” ते म्हणाले आणि पुढची शेंग फोडली.

मी रजिस्टराच्या पानाची प्रत दाखवली. “साचा कशाने स्वच्छ करायचात?”

“लिवलंय की.”

“‘स्वच्छ केला’ एवढंच लिहिलंय.”

“मग? केलाच की स्वच्छ.”

“कशाने?”

त्यांनी अजून एक शेंग फोडली. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “रिठ्याचं सांगा की तिला! चौदा सालं झाली रिटायर हून, आता काय फासावर देत्यात तुमास्नी?”

“हलीमा, तू गप बस.”

“गप कशापायी? माझ्याच केसांचे रिठे न्हेले तुमी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. २००४ मध्ये साचे धुवायचा ठरलेला साबण परदेशातून यायचा होता. त्याची निविदा अडकली आणि नऊ महिने साबण आला नाही. काम तर थांबवायचं नव्हतं. परसात रिठ्याचं झाड होतं. मुलाणी रोज मूठभर रिठे घेऊन जायचे, बादलीभर पाण्यात उकळायचे आणि त्या पाण्याने साचा धुवायचे. पुन्हा साध्या पाण्याने धुवायचा नाही, गंज चढतो. तसाच वाळवायचा. साबण आला तेव्हा त्यांनी तो वापरून पाहिला, तर उश्या साच्याला चिकटायला लागल्या. त्यांनी साबण फडताळात ठेवला आणि पुन्हा रिठे सुरू केले.

साच्यावर वाळलेला रिठ्याचा पातळ थर द्रवात मिसळत होता. रिठ्याचा फेस ज्याने होतो तेच द्रव्य बुडबुडे सांभाळत होतं. माझ्या शिखराचं नाव मला सापडलं होतं.

“पण लिहिलं का नाहीत?” माझा आवाज चढला. “एक शब्द, मामा! रिठे. दोन अक्षरं!”

“आन् कोड कुठला टाकू?” तेही चढ्या आवाजात म्हणाले. “रजिस्टरात वस्तू लिवली की फुडं भांडाराचा कोड लागतो. रिठ्याला कोड न्हाई. कोड न्हाई तर ती आत आली कशी? मी आणली. कुणाच्या हुकमानं? झाली चौकशी. म्हणून लिवलं, स्वच्छ केला. खोटं एक अक्षर न्हाई त्यात.”

चार हजार नऊशे कोटी, दोनशे बारा माणसं, नऊ वर्षं. आणि खोटं एक अक्षर नाही.

निघताना त्यांनी परसातून वाळलेले रिठे आणून मूठभर माझ्या पिशवीत टाकले. “एका बादलीला एवढं. पर माझं नाव नको घालू पोरी. पेन्शन हाय.”

*

भांडारात टिळेकरकाका बसतात. यादीत त्यांचा क्रमांक सात आहे.

“रिठे आत आणायचेत,” मी म्हणाले.

“केसांसाठी की राष्ट्रासाठी?”

“राष्ट्रासाठी.”

“मग निविदा. आधी वर्णन लागेल: व्यास, वजन, ओलावा, कुठल्या मातीतला. तीन पुरवठादार. नमुना मंजुरी. नवीन कोडला दिल्लीची सही.” त्यांनी बोटं मोजली. “सव्वीस महिने. कुणी आजारी पडलं नाही तर.”

“आणि केसांसाठी असतील तर?”

“तर इथे कशाला आलात? गेटवर सांगा.”

गेटवरच्या जवानाने पिशवी हुंगली. “ताई, काय लिहू?”

मी स्वतः पेन घेतलं आणि लिहिलं: वैयक्तिक वापर, केसांसाठी. नग अकरा. खाली सही केली. खोलीत पोचेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिवा लावला आणि मुलाण्यांची ओळ आठवली. पण गेटवर परत गेले असते तर रिठे जप्त झाले असते. मी गेले नाही.

आमचे विभागप्रमुख सातपुते सर. ते २०३१ पासून इथे आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, मुलाण्यांचं नाव सोडून. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“रिठे,” ते म्हणाले.

“हो सर.”

“माझी आई भांडी घासायला वापरायची. इथे कृत्रिम बुद्धिमत्तेची दोन प्रारूपं चालवली, सहा सल्लागार झाले, आणि रिठे.” त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. त्याच्यावर सात वेळा पांढरा कागद चिकटवून नवीन तारखा घातल्या होत्या. “अर्जात लिही, ‘साचा धुण्याच्या पद्धतीत बदल’. पास झाला तर कृती मागाहून कायदेशीर करू. निकाल येत नाही तोवर कुणालाच काही सांगू नकोस.”

अकरा रिठे, एक बादली पाणी. नमुना क्रमांक ४८ साच्यातून अलगद निघाला. १३ मार्चला तो म्हाताऱ्यात गेला. नव्वद दिवस म्हणजे ११ जून. पास झाला तर यादीतली माणसं सुटणार होती, मोजणी विभागाची त्याच दिवशी. हिशेब बसत होता, एकोणीस दिवस हातात राखून.

*

एप्रिलपर्यंत सगळ्या वसाहतीला नमुना ४८ बद्दल कळलं होतं. कँटीनचा आचारी माझ्या ताटात दोन जिलब्या जास्त वाढू लागला. टिळेकरकाकांनी मुलीच्या लग्नाला नातेवाइकांना हॉल बघायला सांगितलं, शंभर किलोमीटरवरचा. सातपुते सरांनी आईला पत्र लिहिलं की दिवाळीला येतो. मी कुणालाही काही म्हणाले नव्हते. म्हातारा चालू असताना त्याच्या दारावर हिरवा दिवा असतो आणि लोक येताजाता तो बघून जायचे.

१० जूनच्या रविवारी सुहृद म्हणाला, “तिकीट काढू?”

“उद्या कळेल.”

“तुला वाटतं काय?”

“मला वाटून काय उपयोग? उद्या मोजणार आहे.”

“काका, तुम्हाला काय वाटतं?” सुहृदने विचारलं. मग एक अनोळखी, घोगरा आवाज म्हणाला, “काढा तिकीट.” आणि लगेच खट्ट झालं. दहा मिनिटं व्हायला अजून तीन मिनिटं होती.

*

११ जूनला सकाळी नऊ वाजता मी म्हाताऱ्याचं दार उघडलं. स्कॅनला पाच तास लागले. मी तीन वेळा मोजलं, नमुना फिरवून पुन्हा तीन वेळा. सातपुते सर माझ्या मागे उभे होते. पडद्यावर आकडा आला.

०.१०४.

“शून्य दशांश एक शून्य,” सर म्हणाले.

“चार, सर.”

“कोळंबेकर, मर्यादा काय आहे? शून्य दशांश एक शून्य. दोन अंक. मोजमाप दोन अंकांत दिलं तर आलंच ना बरोबर?”

“परिशिष्टात तीन...”

“परिशिष्टात ‘शक्यतो’ आहे. आणि ते तुझ्याच अहवालावरून आलंय. काठावरचा आकडा आला तर काय, म्हणून मी सकाळीच समितीच्या अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले, ‘दोन अंकांत पाठवा, आम्ही सही करतो.’ कुणी खोटं बोलत नाहीये. गणिताच्या कुठल्याही शिक्षकाला विचार, एकशे चार सहस्रांश दोन स्थळांत किती?”

“शून्य दशांश एक शून्य.”

“मग?”

“मग मर्यादेपेक्षा जास्त आहे ते लपतं, सर.”

ते खुर्चीत बसले. ओरडतील असं वाटलं होतं; ते ओरडले नाहीत. “चार सहस्रांश मिलिमीटर,” ते म्हणाले. “माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे इला. मी तिला दिवाळीचं लिहिलंय. तुझं स्वतःचंही आहे. परवा संध्याकाळपर्यंत अहवाल दे. जे लिहिशील त्यावर मी सही करीन.”

*

दुसऱ्या दिवशी मी वडजाईला गेले. मला एकच गोष्ट समजत नव्हती. जुना नमुना खरीखुरी बत्तीस वर्षं काढून ०.०७१ आणि माझा ०.१०४, असं का? कृती तीच, झाड तेच, बादली तेवढीच.

“मामा, रिठे किती घ्यायचात?”

“मूठभर. दिलं की तुला.”

“तुम्ही दिलेले अकरा होते. तेव्हाही अकरा असायचे?”

“मोजतंय कोण? मूठ म्हंजे मूठ.” त्यांनी हात पुढे केला आणि मूठ वळायला गेले. ती पुरती वळली नाही. बोटं अर्ध्यावर थांबली. ते स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.

“आधी दांडगी होती,” ते सावकाश म्हणाले. “तौफिकची हाय तशी.”

तौफिक त्यांचा मुलगा, रस्त्यापलीकडे ट्रॅक्टर दुरुस्त करत होता. मी त्याला हात धुऊन यायला लावलं. बाप त्याच्या शेजारी उभा राहिला: तोच पंजा, तीच लांब बोटं. मी त्याला रिठ्यांच्या डब्यात हात घालून मूठ भरायला सांगितली. चौदा. पुन्हा. पंधरा. तिसऱ्यांदा चौदा.

“ताई, हे कशाचं चाललंय?” तौफिकने विचारलं.

“उशीचं,” मामा म्हणाले. मग मला म्हणाले, “म्हंजे बरोबर हुईल आता?”

“बहुतेक. चौदा रिठे घालून नवा नमुना. नव्वद दिवस. मग समिती.”

“आन् आत्ताचा?”

मी सांगितलं. दोन अंक, तीन अंक, एक जुलै, दोनशे बारा. हलीमामामी चहा घेऊन आल्या आणि तिथेच टेकल्या.

“आन् तसं लिवलं दोन अंकात, तर खोटं हुतंय का?”

“नाही. खोटं एक अक्षर नाही त्यात.”

त्यांनी कप खाली ठेवला. स्वतःचं वाक्य त्यांनी ओळखलं होतं.

“ती वस्तू कधी वापरणार न्हाईत ना?” मामींनी विचारलं.

“वापरू नये म्हणूनच आहे असं म्हणतात.”

“जी वापरायचीच न्हाई, ती बरोबर झाली का न्हाई हे कळायचं कसं मग?”

“नुसतं मोजून, मामी. दुसरं काहीच नाही.”

चहा निवला. बस सुटायची वेळ झाली तेव्हा मामा आत जाऊन एक कागद घेऊन आले. मोठ्या, वाकड्या अक्षरात, सुजलेल्या बोटांनी लिहिलेला. साचा रिठ्याच्या पाण्यानं धुतला, सन २००४ ते २०११, दररोज, मूठभर. खाली सही, द. ई. मुलाणी.

“नाव घाल माझं,” ते म्हणाले.

“पेन्शनचं काय होईल, मला खरंच माहीत नाही मामा.”

“मलाबी न्हाई. एक ओळ अर्धी राहिली, त्याची तुमाला नऊ सालं पडली. भरून टाक ती.”

*

१३ जूनला दुपारी मी अहवाल लिहायला बसले. बाहेर टिळेकरकाका दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी हॉलची तारीख पक्की करायची का, असं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

सुरुवातीला मी एक दुरुस्ती लिहिली: गेट पासवर रिठे केसांसाठी आहेत असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे, ते नमुना ४८ साठी होते. मग मुलाण्यांचा कागद जोडला. मग तौफिकच्या तीन मुठी, तीन ओळींत. मग सूचना: पुढचा नमुना चौदा रिठ्यांचा. शेवटचा रकाना राहिला होता. मी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि उतरवला.

नमुना क्रमांक ४८. रिठे अकरा. वेगजरा कक्षातील काळ नव्वद दिवस. भेगांची सरासरी लांबी ०.१०४ मिलिमीटर, अधिक-उणे ०.००२.